हिरवी पट्टी

९ सप्टेंबर

मामा,

नमस्कार लांबूनच. सध्या जवळून कुणालाच करत नाही.

मामी पोचली, खाट मिळाली, नाकाला ऑक्सिजन लागला. तासाभरात तिने वॉर्डातल्या एका ब्रदरला पोक काढून चालतो म्हणून झापलंसुद्धा. मास्कमधून शब्द धड कळत नव्हते, पण उभा जन्म शाळेच्या मैदानावर पोरं पळवण्यात घालवलेल्या बाईचा हात नुसता हलला तरी समोरचा ताठ होतो. तो झाला.

तुमचा एकुलता एक मोबाइल मामीबरोबर इकडे आलाय, आणि घरचा फोन वाजला तरी तुला ऐकू येत नाही. म्हणून पत्र. आमच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हरदादा तुमच्या मागच्याच गल्लीत राहतात. ड्यूटी संपली की ते पत्र दाराखालून आत सरकवतील. तू उत्तर लिहून पायरीवर ठेव, वर कुंडी ठेव. मलाही हॉस्टेलची एक खोली दिलीय, घरी जायची मनाई आहे. मी शिकतेय किडनीची डॉक्टरकी आणि सध्या राबतेय कोरोनाच्या वॉर्डात, पण आता सगळ्यांचं तसंच आहे.

दोन गोष्टी नीट आठवून लिही. ताप होता तेव्हा मामीने घरी कुठल्या कुठल्या गोळ्या घेतल्या? आणि पाणी किती पीत होती?

तुझी,
भिंगरी

१० सप्टेंबर

भिंगरे,

तुझं अक्षर आता पक्कं डॉक्टरचं झालंय. एक ओळ लावायला चष्मा दोनदा पुसला.

गोळ्या: तापाची एक, दिवसातून तीनदा. शिवाय अंग मोडून आलं म्हणून गुडघ्याच्या गोळ्या, त्या तिच्या नेहमीच्या, पिवळ्या पाकिटातल्या. त्याही तीनदा. पाणी म्हणशील तर जेमतेम. "प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की धाप लागते," असं तिचं म्हणणं. दोन दिवस तर चहावरच होती. मी मागे लागलो, पण तुझी मामी कुणाच्या मागे लागण्याने हलली असती तर मला एवढी वर्षं लागली नसती.

माझी तपासणी नीट आली. वास येतो, चव लागते, अंडी उकडून खातो. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात माझे कान गेले, त्यामुळे शांतता ही माझ्यासाठी काही नवी गोष्ट नाही. पण ही शांतता निराळी आहे. दार आपटल्याचा हादरा नाही, जमिनीवरून तिची पावलं येत नाहीत. मी आज दोनदा उगाचच मागे वळून बघितलं.

पाण्याचं का विचारलंस?

मामा

१२ सप्टेंबर

मामा,

आनंदाची बातमी! ऑक्सिजन निम्म्यावर आणला. काल मामी पोटावर झोपून राहिली, कुरकुर न करता. (म्हणजे थोडी केली.) आज एक्स-रे कालच्यापेक्षा स्वच्छ आहे, ताप उतरलाय, खोकलाही कमी. शेजारच्या खाटेवरच्या आजींना ती पडल्या पडल्या श्वासाचे व्यायाम शिकवते. आजी तिला घाबरून करतात. आमच्या विभागप्रमुख मॅडम राऊंडला आल्या तेव्हा म्हणाल्या, "या बाईंची फुप्फुसं हट्टी दिसतायत." मी म्हटलं, फुप्फुसं कशाला, अख्खी बाईच.

बाकी तपासण्या चालू आहेत.

तू जेवत जा. नुसती अंडी नकोत.

भिंगरी

१३ सप्टेंबर

भिंगरे,

मी बहिरा आहे, आंधळा नाही.

तू पानभर मामीच्या फुप्फुसांचं लिहिलंस, आणि उरलेल्या मामीवर एक ओळ. "बाकी तपासण्या चालू आहेत." गिरणीत कुणी मला दोन माग दाखवायला बोलावलं आणि एकाचंच कौतुक करत सुटला, की मी सरळ दुसऱ्याकडे जायचो. लहानपणी तू माझा चष्मा फोडलास तेव्हाही मला कपाटाबद्दल भरभरून सांगत होतीस.

शिवाय माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस.

काय ते सरळ लिही. मला धीर आहे. नसला तर आणेन, पण आधी कळू दे.

मामा

१४ सप्टेंबर, सकाळ

मामा,

बरोबर ओळखलंस. मामीच्या किडन्या बिघडल्यात.

आता सगळं सांगते. ती आली त्या दिवशी मी तिच्या लघवीत एक पट्टी बुडवली. कागदाची बारीक पट्टी, त्यावर रंगांचे चौकोन असतात. लघवीत काही वावगं नसलं तर त्यातला एक चौकोन पिवळा राहतो. लघवीतून प्रथिनं वाहून जात असतील तर तो हिरवा होतो. मामीचा हिरवा झाला. रक्ताचा रिपोर्ट मात्र चांगला होता. किडनीचं असंच असतं, बरंच काम थांबेपर्यंत ती रक्तात चुगली करत नाही. सगळं जग फुप्फुसांकडे बघत होतं, मीही तिकडेच बघितलं असतं. पण सवयीने हात पट्टीकडे गेला.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तापातही होतं असं कधी कधी. पण सोडू नकोस. दुखण्याची कुठलीही गोळी आत्ता बंद. रोज बघ." गुडघ्याची गोळी एरवी बिचारी असते, पण शरीरात पाणी नसताना किडनीचं रक्त तोडते. म्हणून तुला विचारलं होतं. तू लिहिलंस ते फार उपयोगी पडलं. आणि हे बघ, स्वतःला दोष देत बसू नकोस, खुद्द विषाणूच किडनीवर घाव घालतो. गोळ्यांनी त्यात भर घातली असेल, एवढंच.

परवा मी तिच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मामा, तुला कसं सांगू काय दिसलं ते. किडनीत लाखो नळ्या असतात, डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. त्या नळ्यांचं अस्तर खचून आत साचलं होतं आणि नळीचा आकार घेऊन बाहेर आलं होतं. तपकिरी, गढूळ, लहान लहान दंडगोल. पुस्तकात त्यांचं चित्र मी शंभरदा बघितलंय. पण हे मामीच्या आतलं होतं. जिथे आजवर कुणाची नजर पोचली नाही अशा जागेचे ठसे, काचेवर माझ्या पुढ्यात. मी घाबरले होते, आणि तरी डोळा काढवेना. मॅडमना बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावरच्या ढालीवर वाफ धरत होती, ती पुसत पुसत त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मिळालं गं. वेळेत मिळालं."

पण मिळालं म्हणजे थांबलं असं नाही. कालपासून लघवी जवळजवळ बंद आहे. रक्तातली घाण वाढतेय. तिकडे फुप्फुसं सुधारतायत आणि इकडे हे. बहुतेक उद्या डायलिसिस करावं लागेल, म्हणजे किडनीचं काम काही दिवस यंत्राने करायचं.

मामीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही?" मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "बरं. सही कुठे करू?" मग म्हणाली, "त्यांना सांग. माझ्यापासून लपवलंस तरी चालेल, त्यांच्यापासून नको. त्यांना न कळलेलं जास्त बोचतं."

काल लिहायला हवं होतं. लिहवलं नाही.

भिंगरी

१४ सप्टेंबर, संध्याकाळ

भिंगरे,

करा.

तिला दुखेल का?

माझी एक काढून देता येत असेल तर सांग. कान गेलेत, पण हा माल चांगला आहे, कधी तक्रार नाही. ड्रायव्हरदादाला पायरीवर थांबवून ठेवलंय, म्हणून एवढंच.

मामा

१८ सप्टेंबर

भिंगरे,

काल पत्र नाही, परवा नाही. ड्रायव्हरदादा रस्त्यापलीकडून हात हलवतो आणि दोन्ही हात मोकळे दाखवतो. मोकळे हात बघितले की मी खिडकी लावून घेतो.

तू कामात असशील. तेच असेल. लिहायला जमलं नाही तर कागदावर नुसती एक रेघ मार. आडवी चालेल, उभी चालेल. मी समजून घेईन की आहे.

मामा

२२ सप्टेंबर

मामा,

आहे. मामी आहे.

तुझं रेघेचं पत्र मिळालं तेव्हा मी रेघ मारायच्याही अवस्थेत नव्हते. ऐक आता. पहिलं डायलिसिस झालं तेव्हा तिचा रक्तदाब एकदम कोसळला. यंत्र मंद करून, सलाईन देऊन, तिचे पाय वर धरून आम्ही तिला सांभाळलं. पुढचे दोन दिवस ती ग्लानीत होती. "रांगेत या, रांगेत या," असं पुटपुटत होती. कुणाला बोलावत होती कोण जाणे. मी तिचं बोट धरून म्हणायचे, "आले, मामी, रांगेतच आहे." परवा तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाली, "खांदे मागे." मी बाहेर जाऊन रडले. ढालीच्या आत रडायची पंचाईत असते, पुसता येत नाही.

दुखतं का विचारलं होतंस. नळी घालताना थोडं, नंतर नाही. तुझ्या किडनीबद्दल मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. सध्या त्याची गरज नाही. तुझा माल तुझ्याकडेच ठेव.

आता ऑक्सिजन लागत नाही. पण किडन्या अजून गप्पच. दिवसाआड डायलिसिस चालू आहे. मॅडम म्हणतात, झोपल्यात, जागं व्हायला वेळ देऊ. मी विचारलं, "आणि झोपल्या नसतील तर?" त्या म्हणाल्या, "तेही दिसेल. आज दिसत नाही."

एक गोष्ट मात्र झाली. मामीमुळे मॅडमनी सगळ्या वॉर्डांत सांगून टाकलं, जो पेशंट आत येईल त्याची छातीबरोबर लघवीही बघायची. पट्टी सगळ्यांना. मी पहिल्या सकाळी ट्रे घेऊन फिरले. मामा, किती जणांचा चौकोन हिरवा झाला! धापही न लागलेली माणसं, खाटेवर बसून मोबाइल बघणारी, "मला कधी सोडणार?" विचारणारी. हिरवा, पिवळा, पिवळा, हिरवा. मी हातातल्या ट्रेकडे बघतच राहिले. एवढे दिवस हे सगळं आमच्या नाकासमोर होतं, आणि कुणाला ऐकू जाईल असा आवाज करत नव्हतं.

भिंगरी

२३ सप्टेंबर

भिंगरे,

आहे, एवढ्या एका शब्दासाठी ड्रायव्हरदादाला चहा पाजला. तो अंगणात, मी खिडकीत.

तुझ्या मामीच्या कपाटात शाळेचं विज्ञानाचं जुनं पुस्तक सापडलं. किडनीचा धडा तीनदा वाचला. त्यात लिहिलंय की ती दिवसभरात एक मोठं पिंप भरेल एवढं पाणी रक्तातून गाळते, आणि त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा आत घेते. टाकायचं तेवढंच टाकते. पहिल्यांदा मला छापायची चूक वाटली. एवढं गाळायचं आणि परत घ्यायचं, कशासाठी? मग विचार करत बसलो. म्हणजे ती आधी सगळंच सोडून देते, आणि मग एकेक पारखून, हे माझं, हेही माझं, असं म्हणत परत घेते. रोज. आपण झोपलेलो असताना, भांडत असताना, सिनेमा बघत असताना.

मी आयुष्यभर विणकामाच्या यंत्रांत काढलं. बारीक पोत म्हणजे काय ते मला कळतं, असं मला वाटायचं. मुठीएवढ्या गोष्टीत हे सगळं बसवायला सांगितलं असतं तर मी राजीनामा दिला असता. आणि असे दोन कारखाने पाठीत घेऊन मी म्हातारा झालो, एकदाही चौकशी केली नाही.

एक विचारतो. माग बंद पडला तर तो वीज गेल्यामुळे बंद आहे की मोडल्यामुळे, हे हात लावून कळतं. तुम्हाला कसं कळतं?

रात्री झोप लागत नाही, पण ते राहू दे.

मामा

२९ सप्टेंबर

मामा, मामा, मामा,

आली!

नीट सांगते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकले नव्हते, कारण हात लावून कळत नाहीच. नुसती वाट बघावी लागते. मामीच्या खाटेला लघवीची पिशवी लटकवलेली असते. इतके दिवस तिच्या तळाशी नावाला काहीतरी असायचं, चहाच्या काढ्यासारखं. आज सकाळी ज्या ब्रदरला तिने पहिल्या दिवशी झापलं होतं तो पिशवी बदलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मला वाटलं कंबर धरली. म्हणाला, "डॉक्टर, इकडे या." मी गेले. नळीतून थेंब येत होते. एक, मग एक, मग दोन. फिकट. काढ्यासारखे नाहीत, पाण्यात मध घातल्यासारखे.

आणखी एक सिस्टर आली. सफाईच्या मावशी बादली ठेवून उभ्या राहिल्या. मॅडमना कळवलं तर त्या जवळजवळ धावत आल्या आणि पिशवी नीट दिसावी म्हणून चक्क जमिनीवर बसल्या. पांढऱ्या पोशाखातली, चेहरे झाकलेली आम्ही पाच माणसं, एका पिशवीभोवती. एवढ्या वर्षांत मी लघवीकडे असं बघणारी माणसं पाहिली नव्हती, मामा. श्वास रोखून. पिशवीत जेमतेम चमचाभर जमलं असेल, पण तो चमचा भरेपर्यंत कुणी हललं नाही.

मामी वरून म्हणाली, "काय बघताय सगळे? मेले की काय मी?"

मॅडम म्हणाल्या, "नाही हो. उलट आहे."

मामीने मान वळवून पिशवीकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी टोला हाणणार. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझी मी केली?" मॅडम म्हणाल्या, "तुमची तुम्ही."

अजून खूप बाकी आहे. एक-दोनदा यंत्र लागेल, मग बहुधा लघवीचा पूर येईल, तोही सांभाळावा लागेल. पण त्या जाग्या झाल्यात. मॅडम म्हणाल्या, पहिल्या दिवशी गोळी थांबवली नसती, पुढे पाण्याचा अंदाज चुकला असता, तर कदाचित आज हे दिसलं नसतं. कदाचित. डॉक्टर लोक ठाम बोलत नाहीत, तू ठाम समज.

भिंगरी

२९ सप्टेंबर

भिंगरे,

पत्र वाचून खाली बसलो. मग उठून उभ्याने एकदा वाचलं. ड्रायव्हरदादाला खिडकीतून ओरडून सांगितलं. मला माझा आवाज कळत नाही, त्यामुळे आता सगळ्या गल्लीला माहीत आहे की तुझ्या मामीला लघवी झाली. लोक गॅलरीत येऊन टाळ्या वाजवत होते. बघितल्या मी.

मामा

१८ नोव्हेंबर

भिंगरे,

हे पत्र मामीचं. तुझ्या मामाने पत्रव्यवहाराचा असा काही नाद लावून घेतलाय की आता शेजारच्या खोलीतूनही चिठ्ठ्या पाठवतो. म्हटलं, आपणही हात साफ करून घ्यावा.

काल तपासणीला आले होते. तू डायलिसिसच्या वॉर्डात अडकली होतीस, भेट झाली नाही. तुझ्या मॅडम म्हणाल्या, किडन्या पूर्ण भरून आलेल्या नाहीत, पण आपल्या बळावर चालतायत. वर्षभर लक्ष ठेवायचं, गुडघ्याच्या गोळ्या जन्मात घ्यायच्या नाहीत. गुडघा दुखतो. दुखू दे.

तुला एक सांगायचं राहिलंय. यंत्र चालू असताना माझं रक्त एका नळीतून बाहेर जायचं आणि दुसरीतून परत यायचं. एकदा कुणी बघत नाही असं बघून मी त्या बाहेर जाणाऱ्या नळीवर बोट ठेवलं. ऊन होती गं. मी गादीवर आणि माझी ऊब तिकडे, हातभर लांब, यंत्राच्या दिशेने निघालेली. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली नाही. लहान मूल पहिल्यांदा आरशात बघतं ना, तशी मी त्या नळीकडे बघत होते.

आता कालची गोष्ट. बाहेर बाकावर बसले होते. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, टॅक्सी चालवतात म्हणे. हातात ती नमुन्याची बाटली, चेहऱ्यावर मूर्तिमंत वैताग. मी विचारलं, "तुम्हालाही कोरोना झाला होता का?"

"झाला होता, पण साधा," ते म्हणाले. "ऑक्सिजनसुद्धा लागला नाही. पण हे लोक सोडतील तर शपथ. पहिल्याच दिवशी कसलीशी पट्टी बुडवली, म्हणे हिरवी झाली. तिथून जे डोकं खाल्लं! रोज बाटली भरा. पाणी मोजून प्या. पाठदुखीची माझी गोळी होती, तीही काढून घेतली. एक बारकी डॉक्टर होती, भिंगरीसारखी फिरायची, तिने तर पिच्छाच पुरवला. आणि शेवटी निघालं काय? काही नाही! काहीच झालं नव्हतं मला."

"मग आज का आलात?"

"बोलावलंय म्हणून. पुन्हा बाटली."

त्यांना आत बोलावलं. थोड्या वेळाने कागद फडकवत बाहेर आले. "बघा, सगळं व्यवस्थित. म्हटलं नव्हतं? उगाच माणसाचा दिवस घालवतात."

माझ्या ओठांवर आलं होतं. सांगणार होते सगळं, पिशवी, यंत्र, ती ऊन नळी. मी गप्प बसणारी नाही, तुला माहीत आहे. पण नाही सांगितलं. ते एकेक पायरी गाळत जिना उतरले आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली त्यांनी टॅक्सीची काच पुसली, रस्त्यापलीकडच्या कुणाला तरी हात केला, आणि आत बसून बाटलीतलं पाणी गटागटा प्याले, अर्धं शर्टावर सांडत. एक धडधाकट माणूस, ज्याला काहीच झालं नव्हतं. टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत माझी नजर हलली नाही.

मामी